हे ऐक जरा

आमच्या नानांना पुस्तक एकट्याने वाचता येत नाही. दृष्टी चांगली आहे, चष्मा वेळच्या वेळी बदलतात, खिडकीजवळची वेताची खुर्ची तर घरात त्यांच्याच नावावर आहे. तरी दीड-दोन पानं झाली की त्यांना दुसरं माणूस लागतं. हे माणूस शक्यतो आतल्या खोलीत असावं, त्याचे हात पिठात असावेत आणि गॅसवर काहीतरी उतू जायच्या बेतात असावं. असा सगळा योग जुळून आला की बाहेरून हाक येते, "अगं, हे ऐक जरा."

ऐकणाऱ्याने "हं" म्हणायचं असतं. नुसतं "हं" म्हटलं तर "लक्ष नाहीये तुझं" असं ऐकून घ्यावं लागतं, आणि उत्साहाने "वा!" म्हटलं तर "अजून सुरू कुठे केलंय?" विनोदी पुस्तक असेल तर आणखी पंचाईत. नेमक्या जागेच्या आधीच नानांना हसू फुटतं, आवाज घोगरा होतो, डोळ्यांत पाणी येतं आणि वाक्याचं शेपूट कुणाच्याच हाती लागत नाही. "पुढे काय झालं?" म्हणून विचारावं, तर पुस्तक आपल्या हातात देऊन ते धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसतात. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव मला असाच भेटला. बाहेर ते हसत होते आणि आत मी उरलेलं पान वाचत होते. आता वाटतं, ते हसू दिसायचं तितकं अनावर नसावं.

वाचणारे वडील तुम्हीही पाहिले असतील. बँकेतून, पोस्टातून, शाळेतून किंवा सचिवालयातून निवृत्त झालेले, बँक पासबुक आणि ग्रंथालयाचं कार्ड एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणारे. लग्नाला गेले तर जेवणाआधी यजमानांच्या कपाटापाशी मान तिरकी करून उभे राहतात. ती तिरकी मान हीच त्यांची खूण. पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून ते यजमानांबद्दल मत बनवतात आणि घरी येताना रिक्षात ते मत आपल्याला सांगतात. "माणूस चांगला आहे हो, पण 'श्रीमान योगी'ची पानं कापलेलीसुद्धा नाहीत."

नानांची नोकरी फोर्टातल्या एका बँकेत होती. ठाणे ते व्हीटी आणि परत, तेही स्लो गाडीने, कारण फास्ट गाडीत पान उलटायला जागा नसते असं त्यांचं म्हणणं. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पुस्तक, पान उलटायचं ते अंगठ्याने. येताना पुस्तक रंगलं की ठाणं मागे पडायचं. यातूनच नानांचं समीक्षाशास्त्र जन्माला आलं. ठाण्याला वेळेवर उतरू देतं ते पुस्तक 'ठीक'. कळव्याला नेतं ते चांगलं. मुंब्र्याला नेतं ते विकत घेऊन संग्रही ठेवण्यासारखं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने त्यांना बराच काळ कळव्या-मुंब्र्याचा रहिवासी करून सोडलं होतं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ सालचं, आकाराने लहानखुरं. विक्रोळीपर्यंत होईल म्हणून त्यांनी ते उघडलं आणि दिव्याला उतरून फलाटावरच्या बाकावर बसून संपवलं. डोंबिवली आजवर एकाच पुस्तकाला मिळाली आहे, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ना. "नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई," नाना म्हणतात, "आणि एक वाक्य वाकडं नाही. नाहीतर आमचे हे पदवीधर."

निवृत्तीनंतर लोकल सुटली, मोजपट्टी तीच राहिली. मी हौसेने एखादं नवीन पुस्तक आणून द्यावं आणि आठवडाभर वाट पाहावी. मग जेवताना, आमटी वाढून घेता घेता निकाल लागतो, "बरं आहे. कळवा." यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक माझ्या नवऱ्याने त्यांना वाढदिवसाला दिलं होतं. त्याला भांडुप मिळालं, म्हणजे भांडुपला झोप लागली.

एवढं असून त्यांना "तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?" असं मात्र विचारू नये. चेहरा कसनुसा होतो. "प्रकार कोणता?" असा उलट प्रश्न येतो. कादंबरी म्हणावं तर "ऐतिहासिक की सामाजिक?", सामाजिक म्हणावं तर "खांडेकरांच्या आधीची की नंतरची?" त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाने एकदा सभासदांकडून आवडत्या दहा पुस्तकांची यादी मागवली. बाकीच्यांनी पोस्टकार्डावर मावेल एवढी दिली. नानांनी फुलस्केप कागद दोन्ही बाजूंनी भरला, वर 'हप्ता पहिला' असं लिहिलं आणि खाली टीप टाकली की कविता यात धरलेल्या नाहीत. खांडेकरांचं नाव यादीत नव्हतं. "ते वय असतं एक," असं म्हणाले. पण 'ययाती'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा नानांनी बँकेत पेढे वाटले होते ही गोष्ट आईने लगेच आतून सांगितली. त्यावर ते म्हणाले, "ते मराठीसाठी वाटले होते."

यादीत पहिल्या क्रमांकावर दर वेळी वेगळं पुस्तक असतं, पण दुसरा क्रमांक ठरलेला. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक कर्जामुळे घराबाहेर पडले, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून गेले, आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. नाना स्वतः ठाण्याच्या पलीकडे फारसे न गेलेले. तरी किंवा म्हणूनच, भटजींवर त्यांचा भारी जीव. पुस्तक वाचलंय असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न, "कुठली प्रत? वैद्यांची की पोतदारांची?" कारण चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ते छापलं तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला होता, आणि मूळ हस्तलिखिताप्रमाणे ते पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढलं. 'वैद्यांची' असं उत्तर देणाऱ्याला नाना वाचलेला समजत नाहीत, नुसता चाळलेला समजतात.

एकदा आम्ही सगळे झाशीला गेलो. मे महिना, किल्ल्याचे दगड तापलेले, आईने डोक्यावरून पदर घेतलेला, मुलं बर्फाचा गोळा मागतायत. गाइड आपल्या ठरलेल्या लयीत राणीची कथा सांगत होता. नाना दर दोन वाक्यांनी त्याला थांबवत. "हमारे गोडसे भटजी उस वक्त यहींच थे." पहिल्यांदा त्याने दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा तो थोडा वरमला. तिसऱ्यांदा त्याने हात जोडून विचारलं, "आपके परदादा थे, साहब?" नाना क्षणभर थांबले. खोटं बोलण्याचा त्यांना सराव नाही. पण सत्य सांगायचं तर एवढा सुंदर गैरसमज मोडायचा. "वैसाही समझो," ते म्हणाले. पुढचा पाऊण तास गाइड गप्प आणि नाना सुरू. परतताना दरवाज्यापाशी त्याच गाइडचा दुसऱ्या घोळक्यापुढचा आवाज ऐकू आला. "महाराष्ट्र से एक पंडितजी आये थे..." नानांनी त्याला वरकड पन्नास रुपये दिले. झाशीच्या आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत नाना बोलताना आहेत.

घरातली कागदपत्रं आमच्याकडे फायलीत नसतात, पुस्तकांत असतात. वाचता वाचता खूण म्हणून हाताला येईल ते घालायचं ही नानांची पद्धत: लोकलचं तिकीट, लग्नपत्रिका, विम्याची नोटीस, विजेचं बिल. घरात पोथ्यांना असतात तशा रेशमी दोऱ्याच्या खुणा आम्ही मुलांनी करून दिल्या होत्या, त्या त्यांनी जपून एका पुस्तकात ठेवल्या. कोणत्या ते आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. "गॅसचं पुस्तक 'स्वामी'त आहे, माधवरावांच्या आजारपणात." "घरपट्टीची पावती? 'माणदेशी माणसं' बघ." माझा दहावीचा दाखला अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी सापडेना. आई देवापुढे हात जोडून उभी, मी रडतेय, आणि नाना शांतपणे शिडी लावून माळ्यावर चढले. दाखला चांदोबाच्या बांधीव अंकांत निघाला. खाली उतरायला मात्र त्यांना अर्धा तास लागला, कारण अंकातली गोष्ट अर्धवट राहिली होती.

पुस्तकांना वर्षातून एकदा ऊन दाखवायचं असतं, हा आमच्या घरातला दुसरा कुळाचार. तो मे महिन्यात येतो आणि मे महिन्यातच आईच्या कुरडया-पापडांनाही ऊन हवं असतं. गच्ची एक, ऊन एक. मधोमध चुन्याची रेघ मारलेली. उत्तरेला साबुदाण्याच्या पापड्या, दक्षिणेला विश्वकोशाचे खंड. कावळे पापड्यांवर यायचे आणि नाना त्यांना पुस्तकांच्या बाजूने हाकलायचे, त्यामुळे ते पुस्तकांवर बसायचे. संध्याकाळी सगळं खाली आणताना एखादी कुरडई 'ह' या अक्षरात सापडायची.

विश्वकोशाचंही एक प्रकरण आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या हाताखाली वाईला तयार झालेला पहिला खंड १९७६ साली आला. नानांनी तो घेतला आणि कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचायला बसले. त्या काळात आम्हाला जगातल्या फक्त 'अ'पासून सुरू होणाऱ्या गोष्टी कळल्या. अणू, अफू, अंटार्क्टिका, अरबी भाषा. शाळेत बाईंनी हत्तीवर निबंध सांगितला तर नाना म्हणाले, "अजून आपण तिथे पोचलो नाही. अस्वलावर लिहिलं तर चालेल का विचार." विसावा खंड यायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लागली. नाना थांबले. दुसरं कोण थांबलं असेल?

या खंडांच्या मागच्या रांगेत काय आहे ते मला लग्न होऊन गेल्यावर कळलं. भाची पुस्तक काढायला गेली आणि मागून काळा पहाड आणि झुंजार बाहेर पडले. बाबूराव अर्नाळकर! हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा माणूस, आणि नानांनी आम्हाला त्यातली एकही कधी वाचून दाखवली नव्हती. नाना गोरेमोरे झाले. "ते तुझ्या काकाचं आहे," असं म्हणाले. सगळ्यांवर खाकी कव्हरं होती, पहिल्या पानावर नानांच्या वळणदार अक्षरात नाव, तारीख आणि किंमत. काका तर वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानाकडून वाचायचा आणि तिथेच थांबायचा.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय हा नानांचा खरा पत्ता. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांनी पुढाकार घेऊन १८९३ साली ते सुरू केलं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. ही पाच वर्षं नाना दादर-गिरगावच्या नातेवाइकांना दर भेटीत मोजून दाखवतात. "मुंबईला सुचायला वेळ लागतो," असं समजुतीने म्हणतात. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघा मारू नयेत हा नियम त्यांना मान्य आहे, पण शुद्धलेखन दुरुस्त करणं म्हणजे रेघा मारणं नव्हे असं ते धरतात. मऊ पेन्सिलीने, अगदी फिकट, ऱ्हस्वाचं दीर्घ. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा त्यांनी साडेतीनशे प्रतींवर हाताने एक वेलांटी फिरवली, तेव्हा ग्रंथालयाचं काय!

तर असंच एकदा त्यांच्या दुरुस्तीखाली निळ्या शाईत कुणीतरी लिहिलेलं आढळलं, "मूळच बरोबर आहे." नाना दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. शब्दकोश काढले, नियमावली काढली, आणि पुढच्या फेरीत समासात पुरावा लिहून आले. उत्तर पुढच्या पुस्तकात आलं. मग कित्येक वर्षं हा पत्रव्यवहार ठाण्याच्या ग्रंथालयातल्या समासांमधून चालला होता. माणूस कोण, पुरुष की बाई, कधी कळलं नाही. कार्डावरून शोधता आलं असतं, पण "तसं करणं सभ्यपणाचं नाही," असं नाना म्हणायचे. गेली काही वर्षं निळी शाई दिसत नाही. हल्ली एखाद्या अगदी बरोबर शब्दावर नाना मुद्दाम चुकीची दुरुस्ती करून ठेवतात आणि पुस्तक परत करतात.

दिवाळी अंकांचा सोहळा वेगळा. चार घरांनी मिळून अंक घ्यायचे, आठ-आठ दिवसांनी फिरवायचे. पहिला अंक हातात पडला की नाना दरवर्षी सांगतात, १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणाऱ्या का. र. मित्रांचं खरं आडनाव आजगावकर, बंगालीच्या प्रेमापायी ते मित्र झाले. आम्हीही दरवर्षी "हो का?" म्हणतो. मग अनुक्रमणिका, मग व्यंगचित्रं, मग जाहिराती, आणि राशिभविष्य कधीच नाही. ते नुसतं पान उलटताना दिसतं. वृश्चिकेचं तेवढं.

पण आधी काय वाचायचं हे ते हळदीवरून ठरवतात. मी मुद्दाम शेवटी सांगतेय, कारण आईचं घरात असंच सगळं शेवटी येतं. आईने आयुष्यात एकही उतारा कुणाला वाचून दाखवला नाही. आवडत्या पुस्तकांबद्दल ती बोलत नाही. दुपारी दोन ते साडेतीन, फोडणीचा डबा पुसून झाला की ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून ती वाचते, आणि मिटल्यावर पुस्तक होतं तिथे ठेवते. नाना बाहेरून अर्धं वाक्य वाचतात तेव्हा तिचं ते पुस्तक चार दिवसांपूर्वी संपलेलं असतं. "हं," म्हणते. पुरावा काय, तर पानांच्या खालच्या कोपऱ्यातला पिवळा अंगठा. ज्या कथेच्या शेवटच्या पानापर्यंत अंगठा आहे ती चांगली. मध्येच थांबलाय ती सोडून द्यावी. नाना या डागांबद्दल कुरकुरतात आणि अंक आला की पहिल्यांदा तेच शोधतात. 'स्मृतिचित्रां'ची आमची प्रत तर जवळजवळ हळदीनेच बांधलेली आहे.

मुलाने मध्ये त्यांना किंडल आणून दिलं. नानांनी त्याला खाकी कव्हर घातलं, पुढच्या बाजूनेही. मग कागदाला खिडकीएवढं भोक पाडलं. नाव, तारीख आणि किंमत लिहायला पहिलं पान सापडेना म्हणून मागे चिठ्ठी चिकटवली. वाचतात, नाही असं नाही. फक्त विजेची बिलं कुठे ठेवायची हा प्रश्न सुटलेला नाही. बोलकी पुस्तकं मात्र त्यांनी दोन मिनिटांत बंद केली. "कुणीतरी भलताच वाचतोय आणि मी आपला ऐकत बसायचं? हा काय प्रकार?" असं म्हणाले. स्वयंपाकघरात आई इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

आता एक कामाची गोष्ट. नानांची उसन्या पुस्तकांची शंभर पानी वही आहे. नेलेलं काळ्या शाईत, परत आलेलं लाल शाईत. वहीत एक ओळ अजून काळीच आहे. १९९५ साली अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' सिनेमा आला आणि जो तो माडगूळकरांचं पुस्तक मागत सुटला. त्या गडबडीत नानांची प्रत कुणीतरी नेली आणि घाईत वहीत नुसतं 'मित्र' एवढंच लिहिलं गेलं. दुसरी प्रत आणून दिली तर त्यांना चालत नाही, तीत अंगठे नाहीत. तेव्हा ठाणे परिसरात कुणाकडे खाकी कव्हराचं, कोपऱ्यात पिवळं 'बनगरवाडी' असेल तर कृपया परत करावं, काही विचारलं जाणार नाही. आत विजेचं एक जुनं बिल असेल. ते भरून झालंय. ठेवून घेतलंत तरी चालेल.